कमी कचऱ्याचा घरचा गणपती: आषाढातल्या नोंदणीपासून विसर्जनानंतरच्या मातीपर्यंत

गणपतीच्या खरेदीला निघताना एक प्रश्न सोबत ठेवला तर निम्मं काम तिथेच होतं: ही वस्तू विसर्जनानंतर कुठे जाणार? मखर, हार, पत्री, प्रसादाचे द्रोण, अगदी मूर्तीसुद्धा, प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचा. ‘परत माळ्यावर’, ‘कुंडीत’, ‘पोटात’ किंवा ‘मूर्तिकाराकडे’ असं उत्तर आलं तर वस्तू घ्यायची. उत्तरच सुचलं नाही तर ती घंटागाडीत किंवा नदीत जाणार हे धरून चालायचं.

हा लेख घरच्या गणपतीसाठी आहे, मग तो दीड दिवसाचा असो, गौरींबरोबर जाणारा असो की अनंत चतुर्दशीपर्यंतचा. कामं ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने सगळं लिहिलं आहे.

मूर्ती: आषाढातच नोंदवा

सगळ्यात मोठा निर्णय मूर्तीचा, आणि तो चतुर्थीच्या आठवड्यात घ्यायला गेलं तर उशीर झालेला असतो. शाडूची मूर्ती पावसाळी हवेत हळूहळू वाळते, तिला भट्टीत भाजत नाहीत, आणि घाई केली तर तडे जातात. त्यामुळे शाडूत काम करणारे कारागीर मोजक्याच मूर्ती करतात आणि त्या आधीच नोंदवलेल्या असतात. श्रावणाच्या शेवटी रस्त्यावरच्या मांडवात जे उरतं ते बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसचं, म्हणजे पीओपीचं. म्हणून आषाढ लागला की मूर्तिकाराकडे जाऊन या.

पीओपी नको म्हणण्यामागचं कारण साधं आहे. पीओपीत पाणी मिसळलं की त्याचं जिप्सम होतं, आणि एक लिटर पाण्यात जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे दोन किलोची मूर्ती पूर्ण विरघळायची तर ८०० ते १,००० लिटर पाणी हवं, तेही ढवळत राहिलं तर. तळ्याच्या तळाशी निवांत पडलेली मूर्ती महिनोन् महिने तशीच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये काढलेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्ती नकोत असं स्पष्ट म्हटलं होतं. पुढे हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात बराच काळ चाललं आणि २०२५ च्या उत्सवात पीओपीच्या सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या असं ठरलं. कायद्याचं काहीही होवो, घरच्या वीतभर मूर्तीसाठी पीओपी घ्यायचं कारणच नाही.

मूर्ती शाडूचीच आहे हे ओळखायचं कसं? विक्रेत्याने ‘शाडूचीच आहे’ म्हटलं तरी उचलून बघा. त्याच उंचीची पीओपीची मूर्ती पोकळ आणि हलकी लागते, शाडूची हाताला जड लागते. मग ती हळूच तिरकी करून खालचा न रंगवलेला भाग बघा. तिथे नखाने खरवडलं तर पीओपीची खडूसारखी पांढरीशुभ्र भुकटी पडते, शाडूची करडी. शंका राहिली तर परवानगी घेऊन त्याच जागी पाण्याचा एक थेंब लावा आणि बोट घासा. शाडू लगेच चिकट होतो, बोटाला चिखल लागतो आणि ओल्या मातीचा वास येतो. पीओपी पाणी पिऊन टाकतं आणि तसंच टणक राहतं. पावतीवर ‘शाडू माती’ असं लिहून घ्या. प्रामाणिक कारागीर आनंदाने लिहून देतात.

रंगाकडेही बघा. तैलरंग, चकाकी, सोनेरी वॉर्निश यांचा थर मातीवर बसला की पाणी आत शिरत नाही आणि शाडूची मूर्तीही नीट भिजत नाही. नोंदणी करतानाच सांगा: गेरू, हळद किंवा साधे जलरंग, आणि दागिने रंगवलेले नकोत, वरून घालता येतील असे ठेवा. बरेच कारागीर नुसती मातीच्या रंगाची, फक्त डोळे रेखलेली मूर्तीही देतात. माझ्या मते तिच्याइतकी देखणी दुसरी नाही.

उंची नऊ-दहा इंचांच्या वर नेऊ नका. ती घरच्या पिंपात पूर्ण बुडते, एकट्याला उचलता येते आणि तिला मखरही छोटं पुरतं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. शाडू घेतला म्हणजे आपलं काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाही. शाडू पाण्यात विरघळत नाही, भिजून सुटा होतो, आणि तो बारीक गाळ विहिरीच्या किंवा छोट्या तळ्याच्या तळाशी जाऊन बसतो. शिवाय ही मातीही कुठून तरी खणूनच येते. आपल्याकडच्या मूर्तिकारांना ती बरीचशी गुजरातेतून आणावी लागते. शाडूचा खरा गुण असा की तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. पीओपीला ते जमत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळीच मूर्तिकाराला विचारून ठेवा, ‘विसर्जनानंतर माती परत घ्याल का?’ हल्ली अनेक जण हो म्हणतात, कारण त्यांचाही मातीचा खर्च वाचतो.

कोकणात गावाकडे गणपती असेल तर तुमच्याकडे ही पद्धत आधीपासून आहेच. घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवण्याच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा, त्याच पाटावर मूर्ती घडते, पाटासकट डोक्यावरून घरी येते आणि विसर्जनानंतर पाट परत भिंतीला टेकतो. शहरातही पाट न्यायला हरकत नाही. पुठ्ठ्याचं खोकं, थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकची पिशवी हे सगळं त्यात वाचतं. वर झाकायला सुती उपरणं न्या.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. धातूची मूर्ती दरवर्षी पूजेला घेऊन विसर्जन फक्त सुपारीचं करणं हा कमी कचऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात उत्तम मार्ग, घरातल्या सगळ्यांना पटत असेल तर. मुलांसोबत घरी मूर्ती करायची तर तीन-चार किलो शाडू पुरतो. निदान आठवडाभर आधी करा आणि उन्हात न ठेवता सावलीत वाळवा. बिया घातलेली मूर्ती लाल माती आणि खताची असेल तरच रुजते, शाडूच्या घट्ट गोळ्यातून कोंब येत नाही. कागदाच्या लगद्याची मूर्ती हलकी आणि सोयीची असली तरी नदीत सोडू नका, कारण लगदा कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो.

मखर

थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी नावं बदलून तेच फोमचे पत्रे बाजारात येत राहतात. दाबल्यावर बोटाचा खड्डा पडतो आणि तुकडा मोडताना दाणे सुटतात, असं काहीही घेऊ नका.

घरात काय आहे ते आधी बघा. पैठणी, इरकल, आजीचं नऊवारी, जरीचं उपरणं मागे सोडलं, दोन समया लावल्या की मखर झालंच. साड्यांना पिना टोचण्याऐवजी कपड्यांचे चिमटे वापरा, म्हणजे कापड फाटत नाही. विकतचं घ्यायचं तर घडीचं पुठ्ठ्याचं किंवा लाकडी मखर घ्या आणि पाच वर्षं तरी वापरायचं असं ठरवूनच पैसे द्या. ठेवताना घड्यांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, वर जुनी चादर गुंडाळा आणि जमिनीला टेकणार नाही असं ठेवा. पुठ्ठ्याला खरी भीती कसरीची आणि ओलीची.

पण मखराचा सगळ्यात सुंदर नमुना सिंधुदुर्गात आणि गोव्यात आहे. तिथे मूर्तीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. तिला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी, तवसं (मोठ्या काकड्या), चिबूड, कवंडळं, कांगणं, हरणाची फुलं, शेरवडाची पांढरी पानं बांधतात. बांधायला सुतळी किंवा झाडाचा वाख. विसर्जनानंतर नारळ आणि तवसं स्वयंपाकघरात, सुपारी वाळवायला, पाला माडाच्या आळ्यात, चौकट परत माळ्यावर. शहरात हे जसंच्या तसं होणार नाही, पण जुन्या खिडकीची चौकट किंवा चार बांबू, मंडईतली केळी, काकड्या, भोपळी मिरच्या, मक्याची कणसं, कच्ची पपई यांची माटवी दोन माणसं दोन तासांत बांधतात. उरलेलं सगळं खाता येतं. रानातला माल विकत घेताना मात्र मुळासकट उपटलेली झाडं नाकारा. विकणाऱ्या मावशींना सांगितलं की त्या पुढच्या वेळी फांदी कापून आणतात.

दिव्यांच्या माळा गेल्या वर्षीच्याच काढा. एक दिवा गेलेला असेल तर चौकातल्या इलेक्ट्रिकवाल्याकडे वीस-तीस रुपयांत दुरुस्त होते.

हार, फुलं आणि पत्री

तयार हारात निम्मा माल न कुजणारा असतो: नायलॉनचा दोरा, जरीची फीत, प्लास्टिकचे मणी, चमकीचा गोंडा. सुटी फुलं वजनावर घ्या आणि सुती दोऱ्यात घरी ओवा. झेंडूचा हार ओवायला अर्धा तास लागतो, आणि तेवढ्यात घरातली मुलं कामाला लागतात. फुलं रोज थोडी आणा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी चार किलो आणली तर तिसऱ्या दिवशी निम्मी काळी पडतात.

पत्रीची गोष्ट जरा मन लावून करण्यासारखी आहे. एकवीस पत्रींत शमी, बेल, आघाडा, माका, धोतरा, डोरली, रुई, अर्जुन, मारवा, डाळिंब, कण्हेर, हादगा अशी नावं येतात, आणि गणपतीला एरवी न वाहिली जाणारी तुळस त्या एका दिवशी चालते. बाजारात मात्र ‘पत्री’ म्हणून जी जुडी मिळते तिच्यात टेकडीवरून ओरबाडलेलं काहीही असतं, आणि त्यातली निम्मी नावं विकणाऱ्यालाही ठाऊक नसतात. त्या जुडीऐवजी आपल्या आवारात, गच्चीत, शेजाऱ्यांच्या कुंडीत जी पानं मिळतील ती एकेक घ्या. सात मिळाली तर सात. राहिलेल्यांच्या जागी दूर्वा किंवा अक्षता वाहतात, गुरुजीही त्याला नाही म्हणत नाहीत. मुलांना सोबत न्या: आघाड्याचा तुरा कपड्याला कसा चिकटतो, माक्याचं पान चुरगळलं की बोटं काळी कशी होतात, हे एकदा पाहिलं की ती झाडं त्यांच्या कायमची ओळखीची होतात. हीच पत्रीपूजेची खरी कमाई आहे असं मला वाटतं.

गौरी असतील तर तेरड्याची गौर किंवा पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची गौर, या दोन्ही रीतींत फेकून देण्यासारखं काहीच मागे राहत नाही. मुखवट्यांच्या गौरी तर पिढ्यान् पिढ्या त्याच असतात. तिथे कचरा होतो तो पुढच्या आराशीतल्या नव्या प्लास्टिकच्या फळांचा आणि फुलांचा. खरी फळं मांडा.

पाहुणे आणि प्रसाद

आरतीला किती माणसं येतील याचा अंदाज घरातल्या बाईला बरोबर असतो. तो विचारा आणि तेवढ्या स्टीलच्या वाट्या-ताटल्या जमवा. कमी पडल्या तर शेजारच्या दोन घरांतून आणा, किंवा मांडववाल्याकडून भाड्याने घ्या. धुण्याचं काम एकटीवर पडणार असेल तर मात्र हे दोन दिवसांत बंद पडेल, तेव्हा खाल्लेली वाटी ज्याची त्याने विसळायची असं पहिल्याच आरतीला जाहीर करा.

कागदी कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते ना खतात जातात ना रद्दीत. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण चालतात, पण उलटून बघा. चकचकीत रंगीत पापुद्रा चिकटवलेला असेल तर घेऊ नका. खिरापत आणि पंचखाद्य हातावर द्या. मोदक हळदीच्या किंवा केळीच्या पानावर उकडले तर चाळणीला तेलही कमी लागतं आणि पान नंतर खतात जातं.

पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा: मिठाईचे खोके नकोत. पेढ्यांचे दहा खोके आले की सातव्या दिवशी त्यातले चार वास मारतात. त्याऐवजी नारळ किंवा तांदूळ आणा म्हटलं की लोक खुशीने आणतात, आणि उरलेलं एखाद्या वसतिगृहाला किंवा अन्नछत्राला देता येतं.

निर्माल्य: रोज सकाळी दहा मिनिटं

निर्माल्य दहा दिवस पिशवीत साठवून शेवटी कलशात टाकायचं, ही पद्धत मोडा. पिशवीत कोंडलेली ओली फुलं दुसऱ्या दिवशी कुजायला लागतात आणि मग त्यांना कोणी हात लावत नाही. वीस लिटरची जुनी बादली किंवा झाकणाचा डबा घ्या. तळाला आणि बाजूंना तापलेल्या खिळ्याने वीस-पंचवीस भोकं पाडा आणि खाली दोन विटा ठेवा. तळाशी चार बोटं नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काड्या.

रोज सकाळी पूजा झाली की कालचं निर्माल्य वर्तमानपत्रावर पसरा. दोरा, मणी, अगरबत्तीच्या काड्या, कापराच्या पुड्यांचे कागद बाजूला काढा. कापसाची वस्त्रं खतात चालतात, त्यांना लावलेली चमकी नाही. गुलालाने माखलेली फुलं वेगळी ठेवा. दूर्वा आणि केळीचे खांब बारीक चिरा, ते सगळ्यात उशिरा कुजतात. मग एक ओंजळ निर्माल्याला दोन ओंजळी कोरडा माल या मापाने थर द्या: वाळका पाला, लाकडाचा भुसा किंवा कोकोपीट. भाद्रपदात हवेतच इतकी ओल असते की वेगळं पाणी घालायची गरज नसते. पहिल्या दिवशी वाटीभर आंबट ताक किंवा मूठभर जुनं खत घातलं की विरजण लागल्यासारखं काम सुरू होतं.

आंबूस वास आला तर ओल जास्त झाली, भुसा वाढवा आणि काठीने हलवा. चिलटं आली तर वर बोटभर कोरड्या मातीचा थर द्या. शिजवलेला नैवेद्य यात टाकू नका. शेवटचं निर्माल्य पडल्यावर आठवड्यातून एकदा उलथापालथ करा, दीड-दोन महिन्यांत म्हणजे दिवाळीच्या सुमारास काळं, मातीच्या वासाचं खत होतं. झेंडूच्या पाकळ्या खतात टाकण्याऐवजी सावलीत वाळवून ठेवल्या तर दिवाळीत रांगोळीत भरायला रंग मिळतो.

विसर्जन: घरच्या पिंपात

ज्येष्ठांचा विरोध असतो तो बहुधा इथे. वाहत्या पाण्यात निरोप द्यायची सवय असलेल्या माणसाला बादली म्हणजे उरकणं वाटतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही: खरंच उरकलं तर तसंच दिसतं. म्हणून सगळं साग्रसंगीत करा. उत्तरपूजा, आरती, दही-पोह्यांची शिदोरी, मूर्ती जागेवरून हलवणं, घरातून फिरवून आणणं, काहीही गाळू नका. पिंपाभोवती रांगोळी काढा, पाण्यात फुलांच्या मोजक्याच पाकळ्या सोडा. पाटावर जिथे नदीकाठची वाळू आणायचात तिथे याच मातीतली चिमूट ठेवा.

आता कृती. मूर्ती पूर्ण बुडून वर चार बोटं पाणी राहील एवढं पिंप घ्या. आधी दागिने, जानवं, कापड, काथ्या किंवा तार असेल ती काढा. मूर्ती पूर्ण कोरडी असू द्या. कोरडी माती पाणी झपाट्याने ओढते आणि सुटते, अर्धवट ओली मात्र चिवट राहते, त्यामुळे आधी पाणी शिंपडत बसू नका. मूर्ती उभी ठेवून हात सोडा. लगेच बुडबुड्यांच्या बारीक माळा वर येतात आणि कान जवळ नेला तर चरचर ऐकू येते, मातीतली हवा बाहेर पडत असते. पहिल्यांदा सैल होतात ती हाताची बोटं, सोंडेचं टोक आणि उंदीर. मग कान, मग खांदे. पोट आणि आसन शेवटपर्यंत टिकतात. मुलांना काठीने ढोसू देऊ नका; न हलवता ठेवली तर छोटी मूर्ती काही तासांत बसते, जाड आसनाला रात्र लागते. चोवीस तासांनीही ती टणकच असेल तर ती शाडूची नाही, किंवा तिच्यावर तैलरंगाचा थर आहे.

बादलीला घरच्यांचा ठाम नकार असेल तर महापालिकेचा हौद किंवा मूर्तिदान केंद्र गाठा. विसर्जित मूर्ती दान करा असं आवाहन डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वर्षानुवर्षं केलं, आणि आज गावोगावच्या नगरपालिका तेच करताना दिसतात.

पीओपीची मूर्ती आलीच असेल तर

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर घरी करता येईल असा उपाय शोधला आहे: अमोनियम बायकार्बोनेट, म्हणजे बेकरीवाले बिस्किटं फुगवायला वापरतात ती पावडर. पुणे महापालिका ती उत्सवात मोफत वाटत आली आहे. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घ्या, प्लास्टिकच्या पिंपात मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात ढवळा आणि मूर्ती आत ठेवा. तांब्या-पितळेचं भांडं वापरू नका. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून हे काम गच्चीत किंवा उघड्या बाल्कनीत करा, हातमोजे घाला आणि लहान मुलांना लांब ठेवा. दर दोन-तीन तासांनी ढवळलं तर साधारण दोन दिवसांत मूर्ती विरते. तळाशी खडूसारखा पांढरा साका उरतो, तो कॅल्शियम कार्बोनेट. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत असतं, पण ते फार तीव्र असतं: पेलाभर पाण्याला एक बादली साधं पाणी मिसळून फुलझाडांनाच घाला. मूर्तीच्या रंगात काय होतं ते आपल्याला माहीत नसतं, म्हणून भाजीच्या कुंड्यांना नको.

माती परत

शाडूच्या पिंपात दोन दिवसांत माती खाली बसते. वरचं निवळ पाणी झाडांना घाला, नाल्यात ओतू नका. खालचा लगदा जुन्या सुती कापडावर ओतून गच्चीत पसरा. आटत आला की रंगाचे पापुद्रे चिमटीने उचला, कागदी तुकडे काढा आणि घट्ट गोळे वळून वाळवा. हे गोळे कापडी पिशवीत भरून मूर्तिकाराला द्या. त्यांना निवांतपणा मिळतो तो पितृपक्षानंतर, नवरात्राच्या मूर्तींची घाई नसेल तेव्हा, म्हणून आधी फोन करा. कुंड्यांत मात्र सगळा शाडू ओतू नका. त्याची चिकट साय धरते आणि मुळांना हवा मिळत नाही. मूठभर चालेल.

सोसायटीत पाच-सहा घरं एकत्र आली तर एकच मोठं पिंप, एकच खताचा ड्रम आणि मूर्तिकाराकडे एकच फेरी पुरते. त्यासाठी श्रावणातल्या एखाद्या रविवारी जिन्यात एक कागद लावा आणि त्यावर तीनच रकाने ठेवा: मूर्ती कशाची, विसर्जन कोणत्या दिवशी, माती परत देणार का.

शेवटचं काम मखर माळ्यावर टाकताना करायचं. एका कागदावर लिहा: फुलं रोज किती लागली, नारळ किती उरले, वाट्या किती कमी पडल्या, कोणती माळ दुरुस्तीला द्यायची आहे, मूर्तिकाराचा नंबर. तो कागद मखराच्या चादरीत ठेवा. पुढच्या आषाढात खरेदीची यादी त्याच्यावरूनच करायची आहे.